रँकची मुदत संपत आली? फौजेत दोन वर्षांचं एक्सटेन्शन कसं घ्यायचं

मराठवाड्यातल्या फौजी घरांत भरतीची माहिती लहान पोरांनाही पाठ असते. सोळाशे मीटर किती मिनिटांत काढायचं, छाती किती फुगली पाहिजे, मेडिकलला काय काय बघतात, सगळं. पण नोकरी कोणत्या तारखेला संपणार आणि ती दोन वर्षं वाढवून घेता येते का, असं विचारलं की घरात कुणी बोलत नाही. खुद्द जवानही बऱ्याचदा 'अजून आहेत की दोन-तीन वर्षं' एवढंच सांगतो.

मी फौजेत क्लर्क होतो. जवानांचे कागद सांभाळणं हेच काम. आता लातूर जिल्ह्यात गावी असतो. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर या भागातली पोरं सुट्टीवर आली की फाईल काखेत मारून येतात. त्यांच्यासाठी, आणि तितकंच त्यांच्या घरच्यांसाठी, हे लिहितोय. यातलं सगळं भूदलातल्या जवान, एन.सी.ओ. (नाईक, हवालदार) आणि जे.सी.ओ. (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांच्यासाठी आहे. नौदल, हवाई दल आणि ऑफिसर यांचे नियम निराळे.

अग्निवीर पोरांचाही मार्ग वेगळा आहे. २०२२ साली आलेल्या त्या योजनेत चार वर्षं सेवा, आणि बॅचमधल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम ठेवणार. पुढच्या पानांतली मुदत त्यांना अजून लागू नाही. कायम झाल्यावर मात्र हे सगळं त्यांनाही बघावं लागेल.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. एक्सटेन्शन ही शेवटच्या वर्षी सी.ओ. (युनिटप्रमुख) साहेबांपुढे उभं राहून मागायची गोष्ट नव्हे. मागच्या कित्येक वर्षांच्या कागदांवर ते ठरतं, आणि कागद दुरुस्त व्हायला महिने जातात. म्हणून रँकची मुदत संपायला तीन वर्षं उरली की कामाला लागा.

पहिली पायरी: आपली तारीख आपण काढा

फौजेत सगळे एकाच वयाला निवृत्त होत नाहीत. रँक जितकी वरची तितकी मुदत जास्त. सेवेची वर्षं आणि वय अशा दोन मर्यादा असतात. जी आधी येईल ती लागू.

सेवेची मर्यादा नाईकला २२ वर्षं, हवालदाराला २४, नायब सुभेदाराला २६, सुभेदाराला २८ आणि सुभेदार मेजरला ३२. स्क्रीनिंग बोर्डाने, म्हणजे कागद तपासणाऱ्या साहेबांच्या समितीने, पास केलं तर प्रत्येकाला दोन वर्षं वाढवून मिळतात: २४, २६, २८, ३० आणि ३४. वयाची मर्यादा नाईक आणि हवालदाराला ४९, नायब सुभेदार आणि सुभेदाराला ५२, सुभेदार मेजरला ५४. सुभेदार मेजरला आणखी एक अट आहे, त्या पदावर चार वर्षं झाली की मुदत पूर्ण. शिपायाची मुदत त्याच्या ग्रुपवर आणि भरतीच्या वेळच्या अटींवर ठरते, त्यामुळे ती भरतीच्या कागदातच बघावी. काही खास ट्रेडना वेगळा हिशोब आहे.

ही दोन वर्षं कुठून आली हे माहीत असलेलं बरं. १९९८ साली केंद्र सरकारने नागरी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं. त्याच सुमारास फौजेतल्या मुदतीही दोन वर्षांनी वाढल्या. पण नागरी कर्मचाऱ्याला ती वाढ आपोआप मिळाली आणि फौजीला स्क्रीनिंगमधून जायची अट लागली. म्हणून 'सगळ्यांनाच मिळतं' यावर विसंबू नका.

एक उदाहरण घेऊ. हवालदार आहे, भरती १२ ऑगस्ट २००३ ची. चोवीस वर्षं ११ ऑगस्ट २०२७ ला भरतात, आणि निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी धरतात. म्हणजे ३१ ऑगस्ट २०२७. एक्सटेन्शन मिळालं तर ३१ ऑगस्ट २०२९. आता वय तपासा. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेल्या हवालदाराला ४९ ची मर्यादा शिवतही नाही. पण सुभेदाराचं गणित मांडून बघा: ५२ मधून ३० वजा केले की २२ उरतात. बाविशी ओलांडून भरती झालेला असेल तर एक्सटेन्शन मिळूनही वयाची मर्यादा आधी येईल आणि पूर्ण दोन वर्षं पदरात पडणार नाहीत. भरतीला चार-चार वेळा पळून शेवटच्या संधीला लागलेली पोरं आपल्याकडे खूप आहेत. त्यांनी हे गणित नक्की करावं.

वय म्हणजे फौजेच्या रेकॉर्डवरचं वय. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली १ जून ही जन्मतारीख निम्म्या गावाची असते. आई म्हणते पोरगा दिवाळीतला आहे, पण बोर्डापुढे १ जूनच चालते. महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असेल तर वय आदल्या दिवशी पूर्ण धरतात, म्हणजे ३१ मे. नोकरी संपत आल्यावर जन्मतारीख बदलायच्या नादी लागू नका. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

दुसरी पायरी: रेकॉर्ड डोळ्यांखालून घाला

हे सगळ्यात किचकट काम, आणि सगळ्यात जास्त फायद्याचंही. युनिटच्या हेड क्लर्कना भेटून आपल्या नोंदी दाखवायची विनंती करा. एकट्याने जाऊ नका, कंपनीच्या सिनियर जे.सी.ओ. साहेबांना सांगून जा. सरळ सांगा: 'साहेब, पुढच्या स्क्रीनिंगला माझं नाव येणार आहे, पार्ट टू ऑर्डर तपासून घ्यायच्या आहेत.' कुणी नाही म्हणत नाही. पार्ट टू ऑर्डर म्हणजे लग्न, मूल, बढती असल्या बदलांची युनिटने काढलेली अधिकृत नोंद.

काय बघायचं? आधी नाव. मराठवाड्यातल्या माणसाच्या नावाचा फौजेच्या कागदात फार गोंधळ होतो. शाळेच्या टी.सी.वर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. फौजेच्या रेकॉर्डला स्वतःचं नाव आधी, बऱ्याचदा वडिलांचं नाव गायब. आधारवर तिसरंच. त्यात नोंद करणारा क्लर्क उत्तरेकडचा असला की ज्ञानेश्वरचा ग्यानेश्वर होतो, आणि इंग्रजी स्पेलिंगचं पहिलं अक्षरच बदलतं. बायकोचं नाव लग्नाच्या पार्ट टूमध्ये माहेरचं, आधारवर सासरचं. मुलाची जन्मतारीख ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर एक आणि रेकॉर्डवर दुसरी. नोकरीत असेपर्यंत हे कुणाला टोचत नाही. पेन्शन स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर, चढवायची वेळ आली की हे एकेक अक्षर अडतं. एक्सटेन्शन मिळो न मिळो, ही दुरुस्ती कधीतरी करावीच लागणार. सुट्टीत गावी आलात तर तहसील, आधार केंद्र आणि ग्रामपंचायत ही कामं पहिल्या आठवड्यात उरका. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर बंद असतो, नाहीतर ग्रामसेवक रजेवर असतो.

मग शिक्षेच्या नोंदी. रेड इंक (मोठ्या शिक्षेची नोंद) आणि ब्लॅक इंक (छोट्या शिक्षेची) यातला फरक प्रत्येक जवानाला माहीत असतो, पण आपल्या नावावर नेमक्या किती आणि कोणत्या वर्षीच्या आहेत हे पुष्कळांना आठवत नाही. सुट्टीवरून उशिरा परत गेल्याची नोंद यात सगळ्यात जास्त सापडते. सोयाबीनच्या काढणीला दहा दिवस जास्त थांबलो, वडील दवाखान्यात होते, नांदेडहून सचखंडचं तिकीट कन्फर्म झालं नाही: कारण खरं असतं, पण ते वेळेत युनिटला कळवलेलं नसतं. अशी नोंद झाली असेल तर ती रजेत धरून घेतली होती का, की गैरहजेरी म्हणून राहिली, हे बघा. गैरहजेरीचे दिवस पेन्शनच्या सेवेतून वजा होतात आणि बोर्डही त्याकडे बघतं. किती शिक्षा चालतात, मागच्या किती वर्षांतल्या चालत नाहीत, हे स्क्रीनिंगच्या धोरणपत्रात आकड्यांनी लिहिलेलं असतं. ते पत्र अधूनमधून सुधारतं. दोस्ताला पाच वर्षांपूर्वी काय लागू झालं यावर जाऊ नका, आजचं पत्र हेड क्लर्कसमोर बसून वाचा.

ज्यांचा ए.सी.आर. (वर्षाचा गोपनीय अहवाल) लिहिला जातो त्यांनी शेवटच्या काही वर्षांचं ग्रेडिंग कसं आहे याचा अंदाज ठेवावा. एखादं वर्ष कमी पडलं असेल तर पुढची दोन वर्षं कोर्स, फायरिंग, ट्रेनिंग यांत दिसतील असं काम करा. तीन वर्षं आधी सुरुवात करा असं मी म्हणतो ते याचसाठी.

तिसरी पायरी: शेप-वन

मेडिकल हा एक्सटेन्शनचा कणा आहे. मन, कान, हातपाय, शरीराची एकूण ताकद आणि डोळे या पाच बाबी मिळून शेप होतो. पाचही पहिल्या दर्जाच्या असतील तर शेप-वन. त्याचा मार्ग सरळ. लो मेडिकल (एखादी बाब खालच्या दर्जाची) असेल तर ती टेम्पररी आहे की परमनंट, कशामुळे झाली, आणि चालू धोरणपत्र त्याबद्दल काय म्हणतं, यावर सगळं अवलंबून. लढाईत जखमी झालेल्यांचा विचार वेगळा होतो.

चाळिशीच्या आसपास आपल्या लोकांना तीन गोष्टी गाठतात: बी.पी., शुगर आणि गुडघा. पहिल्या दोन तर गावी येऊनच वाढतात. दोन महिन्यांची सुट्टी, लग्नसराई, रोज कुठेतरी पंगत, आणि 'जवान आलाय' म्हणून प्रत्येक घरात साखरेचा चहा. बायका-आयांना माझी हात जोडून विनंती आहे, या वर्षांत त्याला आग्रह करू नका. पहाटे उठून गावाबाहेर पळायला जातो म्हणाला तर 'सुट्टीत तरी झोप' म्हणू नका, जाऊ द्या.

टेम्पररी कॅटेगरीत असाल तर री-कॅटची (मेडिकल फेरतपासणीची) तारीख वहीत लिहून ठेवा आणि ती चुकवू नका. बोर्ड बसायच्या वेळी मेडिकलचा कागद ताजा पाहिजे. आजार बरा झाला पण री-कॅट राहिली म्हणून जुनी कॅटेगरीच रेकॉर्डवर राहते आणि बोर्ड तीच वाचतं. याउलट, दुखणं लपवून शेप-वन टिकवायचा प्रयत्नही करू नका. छातीत दुखतंय आणि सहा हजार फुटांवर पोस्टिंग आहे, अशा वेळी दोन वर्षांच्या पगारासाठी गप्प बसायचं नसतं.

परमनंट लो मेडिकलवाल्यांसाठी एक गोष्ट. मुदत संपायच्या आधीच लो मेडिकलचं कारण देऊन काढायचं असेल तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाशिवाय (सेवेला अपात्र ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाशिवाय) काढता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आहे. एक्सटेन्शन नाकारणं आणि मुदतीआधी काढणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. आपल्याबाबतीत नेमकं काय होतंय ते कागदावर वाचून घ्या.

चौथी पायरी: घरात बसून हिशोब

इथे घाई करू नका. बायको, आई-वडील आणि मोठी मुलं असतील तर त्यांनाही बसवा. वही घ्या.

पहिला प्रश्न पैशांचा. लोक म्हणतात, दोन वर्षांचा पगार मिळतो. तसा विचार केला तर चुकतो, कारण घरी आलात तरी पेन्शन मिळणारच असते. फायदा मोजायचा तो पगार आणि पेन्शन यांतल्या फरकाचा, आणि पेन्शन कायमची किती वाढते त्याचा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे बेसिक आणि ५,२०० रुपयांचा मिलिटरी सर्व्हिस पे (फौजी सेवेबद्दलची वेगळी रक्कम) मिळून जी रक्कम होते तिच्या निम्मी पेन्शन बसते. समजा बेसिक ४६,००० आहे. त्यात ५,२०० मिळवले की ५१,२००, पेन्शन २५,६००. दोन वर्षांत दोन इन्क्रिमेंट लागून बेसिक ४८,८०० च्या आसपास गेलं तर बेरीज ५४,०००, पेन्शन २७,०००. फरक महिन्याला १,४००, आणि त्यावर महागाई भत्ता. जवानाला जन्मभर, आणि त्याच्या मागे बायकोच्या फॅमिली पेन्शनमध्येही त्याचा वाटा. शिवाय वन रँक वन पेन्शनचे (सारखी रँक आणि सेवा, तर सारखी पेन्शन) तक्ते रँक आणि सेवेची वर्षं धरूनच चालतात. २०१४, मग २०१९, मग २०२४ असा दर पाच वर्षांनी त्यांचा आढावा झाला. त्या तक्त्यात २४ वर्षांची आणि २६ वर्षांची ओळ वेगळी असते. आपल्या रँकच्या दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघा.

हवालदारांनी एम.ए.सी.पी. विसरू नये. ८, १६ आणि २४ वर्षांवर आर्थिक बढती मिळते, म्हणजे रँक तीच पण पगार वरच्या लेव्हलचा. शिपायाचा नाईक आणि नाईकचा हवालदार अशा दोन बढत्या झालेल्याला चोवीस वर्षं पूर्ण झाली की तिसरी, म्हणजे नायब सुभेदाराची पे लेव्हल मिळू शकते. त्याची पार्ट टू निघाली का, पगारात चढली का, हे बघितल्याशिवाय घरचा हिशोब पूर्ण होत नाही.

शिल्लक रजेचे पैसे जास्तीत जास्त ३०० दिवसांचे मिळतात. ज्याचे आधीच भरत आलेत त्याला एक्सटेन्शनमध्ये त्यात भर पडणार नाही, त्याने सुट्टी साठवत बसू नये, घरी यावं. ज्याचे कमी आहेत त्याला दोन वर्षांत थोडी भर घालता येईल.

दुसरा प्रश्न पुढच्या नोकरीचा. इथे एक्सटेन्शन कधी आड येतं आणि कधी येत नाही, हे नीट समजून घ्या. केंद्र सरकारच्या गट क च्या भरतीत माजी सैनिकाच्या वयातून त्याची फौजेतली सेवा वजा करतात आणि वर तीन वर्षांची सवलत देतात. म्हणजे दोन वर्षं जास्त नोकरी केली तर वजाही दोन वर्षं जास्त होतात. वयाचं नुकसान तिथे होत नाही. राज्याच्या भरतीत माजी सैनिकांना समांतर आरक्षण आहे, पण वयाची अट प्रत्येक जाहिरातीत वाचावी. डिफेन्स सिक्युरिटी कोअरचं (डी.एस.सी., लष्करी ठिकाणांची राखण करणारं दल) तसं नाही. डी.एस.सी.त परत भरती व्हायला प्रत्यक्ष वय बघतात, डिस्चार्ज होऊन किती काळ गेला तेही बघतात. तिथे पंधरा वर्षं सेवा झाली की दुसरी पेन्शन लागते, म्हणून ज्याच्या मनात डी.एस.सी. आहे त्याने एक्सटेन्शनच्या दोन वर्षांनी ती पंधरा भरायला जागा उरते का हे मोजावं. डी.एस.सी.चं सेंटर केरळात कन्नूरला आहे आणि पोस्टिंग देशात कुठेही, हेही घरच्यांना आधी सांगा. गावाजवळच राहायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला टेरिटोरियल आर्मीची १३६ इको बटालियन आहे. मराठवाड्यात झाडं लावण्याचं तिचं काम, आणि घेतात माजी सैनिकांनाच. मला स्वतःला हा पर्याय फार मोलाचा वाटतो. आपल्या भागाला पाऊस आणि सावली दोन्ही हवी आहेत.

तिसरा प्रश्न घराचा, आणि खरा निर्णय बहुधा इथेच होतो. मुलगी दहावीला आहे, पुढची दोन वर्षं लातूरला अकरावी-बारावी सायन्स, क्लासची फी, खोलीचं भाडं. त्या दोन वर्षांत पगार चालू असणं याला किंमत आहे. पण त्याच दोन वर्षांत बाप घरी असणं यालाही आहे. वडिलांना आता रान झेपत नाही, बोअर आटलाय, बटईने दिलेल्या शेताचा वाटा नीट येत नाही, अशी घरं मी जवळून बघतो. तिथे कुणी घरी यायचं ठरवलं तर त्याला कमी लेखू नये. माझं मत विचाराल तर मुलांचं शिक्षण चालू असेल आणि तब्येत साथ देत असेल तर घ्यावं. आई-वडील अंथरुणाला असतील आणि दुसरा भाऊ नसेल तर यावं. बाकी प्रत्येकाने आपल्या वहीत बघून ठरवावं.

पाचवी पायरी: विलिंगनेसची सही

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. स्क्रीनिंगच्या आधी जवानाकडून लेखी घेतात: एक्सटेन्शन हवं की नको. एका पानाचा फॉर्म. वर नंबर, रँक, नाव, भरतीची तारीख, मुदत संपण्याची तारीख. खाली एक ओळ, त्यात 'विलिंग' आणि 'अनविलिंग' असे दोन शब्द आडव्या रेघेने जोडलेले, नको तो खोडायचा. मग जवानाची सही, साक्षीदाराची सही, कमांडरची सही.

उदगीरकडचा एक हवालदार सुट्टीवर होता. युनिटमधून फोन आला, फॉर्म आजच पाठव. त्याने सही करून मोबाईलवर फोटो काढला आणि पाठवण्याआधी मला दाखवायला आणला. कोणताच शब्द खोडलेला नव्हता.

'काका, नुसती सही पाहिजे म्हणाले. खोडायचं तिकडं बघतील की.'

'अरे, तुझ्या नोकरीचा शब्द दुसऱ्याने खोडायचा? बायकोला विचारलंस का?'

'ती म्हणते परत या आता.'

'मग दोघं बसून बोला आणि संध्याकाळपर्यंत पाठव. एका दिवसानं आभाळ कोसळत नाही. युनिटला फोन करून तसं सांग.'

तर अशा फॉर्मवर कोरी जागा ठेवून सही करू नका. नको तो शब्द स्वतःच्या हाताने, एका सरळ रेघेने खोडा. तारीख घाला. फोटो काढून घरच्या मोबाईलवरही ठेवा. एकदा 'अनविलिंग' गेलं की ते फिरवणं अतिशय अवघड असतं. नंतर मन बदललं म्हणून अर्ज केला तर तो मान्य होईलच असं नाही. 'विलिंग' देऊन एक्सटेन्शन सुरू झाल्यावर मध्येच यायचं असेल तर स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्जचा अर्ज करावा लागतो, आणि त्याला ठोस घरगुती कारण लागतं. म्हणून ही सही रागात किंवा घाईत करू नका, आणि एखाद्या साहेबाशी वाजलं म्हणून तर मुळीच नाही. साहेबांची बदली होते, खोडलेला शब्द तसाच राहतो.

सहावी पायरी: प्रमोशनकडेही नजर

मुदत वाढायचा दुसरा मार्ग प्रमोशन. नाईकचा हवालदार झाला की मर्यादा २२ वरून २४ वर जाते, हवालदाराचा नायब सुभेदार झाला की २६ वर. त्यासाठी केडर (बढतीसाठीचा कोर्स) आणि ठरलेल्या परीक्षा पास पाहिजेत, मेडिकल पाहिजे आणि जागा रिकामी पाहिजे. वय आणि सेवा फार झाली की प्रमोशनचाही दरवाजा बंद होतो. एक्सटेन्शन मिळणारच आहे म्हणून केडर पुढे ढकलणारे आहेत, तसं करू नका. प्रमोशनला नकार देऊन घराजवळचं पोस्टिंग टिकवायचा विचार असेल तर त्याचा एक्सटेन्शनवर काय परिणाम होतो, हे आधी रेकॉर्ड ऑफिसकडून (रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी सांभाळणारं कार्यालय) युनिटमार्फत लेखी विचारून घ्या.

सातवी पायरी: बोर्ड आणि निकाल

बोर्ड मुदतीच्या बरंच आधी बसतं. तुम्हाला तिथे भाषण करायचं नसतं, तुमचे कागद बोलतात. बोर्डाची शिफारस झाली की पुढचं काम रेकॉर्ड ऑफिसचं. आपल्या भागातली पोरं मराठा लाइट इन्फंट्रीत असली तर बेळगाव, महार रेजिमेंटमध्ये असली तर मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्समध्ये असली तर खडकी. मंजुरी आली की पार्ट टू ऑर्डर निघते. ती प्रत्यक्ष बघा. 'झालंय तुझं' या तोंडी निरोपावर घरी बांधकाम काढू नका.

मंजुरी म्हणजे दोन वर्षांची बेफिकिरीही नव्हे. त्या काळात शिस्तीची कारवाई झाली किंवा मेडिकल घसरलं तर प्रश्न उभे राहू शकतात.

नाकारलं तर? आधी कारण लेखी मागा. कारणाशिवाय पुढचं काहीच नीट लिहिता येत नाही. कारण कागदाच्या चुकीचं असेल, म्हणजे बरी झालेली कॅटेगरी जुनीच दाखवलीय किंवा दुसऱ्याची नोंद तुमच्या नावावर आहे, तर युनिटमार्फत पुरावे जोडून फेरविचाराचा अर्ज करा. बहुतेक दुरुस्त होणारी प्रकरणं इथेच दुरुस्त होतात. त्याने भागलं नाही तर आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम २६ खाली तक्रार करता येते. त्याच्याही पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. न्यायाधिकरणात जायच्या आधी हे खात्यातले मार्ग वापरलेले असावे लागतात, आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. तक्रारीला सहा महिने उत्तरच आलं नाही तर त्यानंतर आणखी सहा महिने मिळतात. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, रजिस्टर पोस्टाच्या पावत्या फाईलला लावा. देवगिरीने मुंबईला वकिलाकडे जाताना मूळ कागद नेऊ नका, झेरॉक्स न्या. बोर्डाला तुमच्यापेक्षा दुसरा चांगला वाटला, एवढाच मुद्दा असेल तर केस उभी राहणं कठीण. नियम पाळला गेला नाही हे दाखवता येत असेल तरच पुढे जा.

अर्ज किंवा केस चालू आहे म्हणून पेन्शनचे कागद अडवून ठेवू नका. तारखेला डिस्चार्ज होणारच असं धरून ते भरत राहा: संयुक्त फोटो, बँकेचं खातं, नॉमिनी, रिलीज मेडिकल बोर्ड (जाताना होणारी मेडिकल तपासणी), ई.सी.एच.एस.चा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) अर्ज. पेन्शन विकायची असेल तर निम्म्यापर्यंत विकता येते आणि ती पंधरा वर्षांनी परत पूर्ण होते, तेव्हा किती विकायची हेही त्या वहीतच ठरवा. डिस्चार्ज बुक हातात आलं की आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. माजी सैनिकाचं ओळखपत्र, मुलांच्या वसतिगृहाचा प्रवेश आणि शिष्यवृत्त्यांचे अर्ज तिथूनच होतात.